अकरा जण झाले, बारावे तुम्ही

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. वडीलही फौजेतच होते. मुलगा बारावीला आहे, कला शाखेत. अकरावीला ५८ टक्के पडले. रनिंग, अभ्यास सोडून गावातल्या म्हाताऱ्या फौजींच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करत फिरतो. ११ जण झाले. माझ्याही मागे लागतो, मी उठून जातो. माजी सैनिकाचा मुलगा म्हणून एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) त्याची जागा राखीव असेलच ना? तो नको म्हणाला तर आजोबांच्या पदकांचा अपमान होईल. – एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर : हवालदारसाहेब, ५८ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. पदकांचं वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. ती पदकं आजोबांनी कमावली. नातवाने त्यांची परतफेड करावी, असं ते म्हणाल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. हे तुम्ही म्हणताय. सतरा वर्षांच्या पोराने नाही म्हटलं की तो घराण्याचा अपराधी ठरणार असेल, तर त्याच्या ‘हो’ला काय किंमत? फौजेत मनाविरुद्ध आलेली मुलं तुम्ही पाहिली असतील. त्यांचे हाल माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

दुसरं, एनडीएत माजी सैनिकांच्या मुलांसाठी एकही जागा राखीव नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशात अशा जागा असतात, त्यावरून ही समजूत पसरली असावी. एनडीएला लेखी परीक्षेचे ९०० आणि एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीचे, ९०० गुण, ते सुभेदाराच्या मुलाला आणि शिक्षकाच्या मुलाला सारखेच. कला शाखेतून लष्करासाठी बसता येतं, पण ३०० गुणांचा गणिताचा पेपर सुटत नाही. आणि एसएसबीच्या पाच दिवसांत वडिलांनी ढकललेला मुलगा लपून राहणं कठीण.

पदवीनंतर अधिकारी होण्यासाठी सीडीएसची परीक्षा आहे. अग्निवीर आहे, तिथे चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात. त्याला स्वतःला हवं असेल तर यातलं काहीही करू द्या.

पण तो जे करतोय त्याला तुम्ही ‘फिरणं’ म्हणता, ते मला पटलेलं नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आकडा आपल्याला पाठ आहे, पण त्या घरांतलं बोलणं कुणी टिपून ठेवलं? १९७१च्या युद्धात, डिसेंबरात, जंगी पलटण म्हणजे तुमच्या रेजिमेंटची पहिली बटालियन आजच्या बांगलादेशातल्या जामालपूरला लढली. तेव्हाचा विशीतला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आठवणी जपायला २०००मध्ये कायदा झाला, त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या ठेवल्या जातात. तुमचा मुलगा ते काम एकट्याने, कुणी न सांगता करतोय.

त्याला इतिहासात बी.ए. करू द्या. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचा विभाग आहे. त्यातून संशोधन, संग्रहालय, पत्रकारिता या वाटा निघतात. नोकरी लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही. इंग्रजी आणि हिंदी पक्कं करावं लागेल.

तुम्ही उठून का जाता, ते मी विचारणार नाही. काही गोष्टी सांगवत नाहीत, हे मी जाणतो. त्या सोडून द्या. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमधला पहिला आठवडा सांगा, लंगरमधलं जेवण सांगा, घरून आलेलं पहिलं पत्र सांगा. नको तिथे ‘बंद कर’ म्हणा, तो बंद करील. अलीकडच्या तैनातीचे तपशील त्याने नेटवर टाकू नयेत, हेही तुम्हीच समजावा.

आणि त्या ११ मुलाखती फक्त मोबाइलमध्ये असतील, तर आज रात्रीच त्यांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा.