लेआचं 'आता तरी'

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन मुली, नवरा घरात असून नसल्यासारखा, आणि सासूबाईंचं पालुपद, 'मुलगा झाला की येईल ताळ्यावर.' त्यात चर्चमध्ये लेआचा उतारा ऐकलास आणि मला विचारतेस, 'मावशी, शेवटी लेआला याकोबाचं प्रेम मिळालं का हो?'

बायबल तसं कुठेच म्हणत नाही. उत्पत्तीच्या 29व्या अध्यायात लेआचा बाप लाबान याकोबाला फसवून तिला त्याच्या गळ्यात बांधतो. याकोबाचा जीव तिच्या धाकट्या बहिणीवर, राहेलवर; पुढे तीही त्याची बायको होते. मग लेआ मुलांच्या नावांतच आपलं दुखणं सांगत जाते. रऊबेन, म्हणजे 'बघा, मुलगा!': आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोन: मी नावडती आहे हे देवानं ऐकलं. लेवी: आता तरी तो मला धरून राहील. चौथ्याला मात्र ती म्हणते, आता मी परमेश्वराची स्तुती करीन, आणि नाव ठेवते यहूदा. त्या वाक्यात नवरा नाही. तिथे आले की मला दर वेळी भरून येतं.

पण तीही तिथे टिकली नाही गं. पुढे रऊबेनानं शेतातून आणलेली दुदाईमची फळं (ती खाल्ली की मूल होतं अशी समजूत होती) राहेलला देऊन तिला आपल्याच नवऱ्याची एक रात्र मिळवावी लागली. सहाव्या मुलाला, जबुलूनला, पुन्हा तेच: आता तरी तो मला मान देईल. सहा मुलगे, लेकी! मरताना याकोब म्हणतो, लेआला मी मकपेलाच्या गुहेत पुरलं, मलाही तिथेच ठेवा. काहींना त्यात प्रेम दिसतं. मला नाही दिसत. ती गुहा म्हणजे त्याच्या आजोबांनी, अब्राहामानं, विकत घेतलेली घराण्याची पुरण्याची जागा होती. राहेल प्रवासात वाटेतच वारली म्हणून तिला बेथलेहेमच्या रस्त्यावर पुरलं.

तू लिहिलंयस, 'तो धाकटीला माझ्या हातातून घेतो, पण माझ्याकडे बघत नाही.' म्हणजे लेकीवर त्याची माया आहे. अडलंय ते तुम्हा दोघांत. ते सोडवायला तिसऱ्या बाळाला जन्माला घालू नकोस. लेआनं मनातलं देवाला सांगितलं, नावांतून सांगितलं. 'माझ्यावर तुझं प्रेम का नाही' असं याकोबाला विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तू विचार. मुली झोपल्या की त्याला समोर बसव, आणि सासूबाईंचं नाव मध्ये आणू नकोस. तो टाळत राहिला तर समुपदेशकाकडे जा. त्याला यायचं नसेल तर एकटी जा.

काय म्हणाला ते कळव. मी वाट बघतेय.

तुझी मावशी