फ्रँकफर्टला कामासाठी पहिल्यांदा निघालायस ना?

लंडनहून पुढचं तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाच. 'फ्रँकफर्ट-हान' शहरापासून जवळपास 120 किमी लांब आहे. स्वस्ताच्या नादात सकाळची मीटिंग हुकायची. एक इस्त्रीचा शर्ट आणि चार्जर हातातल्या बॅगेतच ठेव. मोठी बॅग मागे राहिली आणि रविवार उजाडला तर पंचाईत होते, तिथे बहुतेक दुकानं बंद असतात.

रविवार मोकळा मिळाला तर हॉटेलात लोळू नकोस. रोमरबर्ग चौकातून लोखंडी पादचारी पुलावरून माइन नदी ओलांड, पलीकडे काठाने संग्रहालयंच संग्रहालयं आहेत. मला विचारशील तर श्टेडल संग्रहालय चुकवू नकोस. डच चित्रकार व्हर्मीरचा 'भूगोलतज्ज्ञ' तिथेच आहे, नकाशावर ओणवा, हातात कर्कटक, नजर खिडकीकडे. सोमवारी मात्र ते बंद असतं.