पाहिल्याशिवाय सही नाही

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ज्या सिस्टरनी तुला शीर शोधायला शिकवले, त्यांच्याच, रुग्णाला देऊन उरलेल्या फेंटॅनिल या तीव्र, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाच्या नोंदीखाली तू साक्षीदार म्हणून सह्या करत आलीस आणि आता त्या बाथरूममधून बाहेर आल्या की त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या नशेने टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या तुला दिसतात. सांगितले तर कृतघ्नपणा आणि न सांगितले तर पाप, असे तू लिहितेस. मला यात पेच दिसत नाही. पाहिले नसेल तर सही करायची नाही, एवढे पक्के असते तर तू या टोकाला आलीच नसतीस.

दोन मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, १०० मायक्रोग्रॅम फेंटॅनिल असते. रुग्णाला ५० दिले, तर उरलेला एक मिलिलिटर दुसऱ्या परिचारिकेच्या डोळ्यांदेखत टाकायचा आणि मगच दोघींनी रजिस्टरमध्ये सह्या करायच्या. प्रत्यक्षात काय होते ते मी आयुष्यभर पाहिले आहे. नाईटला दुसरी स्टाफ पलीकडच्या खोलीत गुंतलेली असते आणि सकाळी हँडओव्हरच्या घाईत "एवढी एक सही कर गो" म्हणून रजिस्टर पुढे सरकते. तिथेच नाही म्हणायचे. समोर मैत्रीण असो, इन-चार्ज असो की खुद्द मेट्रन.

व्यसन लागलेली परिचारिका कामचुकार असते, असा लोकांचा समज असतो. तुमच्या सिस्टर चवथीच्या रात्रीची ड्युटी मागून घेतात, याचे तुम्हाला कौतुक वाटले. गोव्यात चवथीला घर सोडून वॉर्डात राहायला कोण आपणहून तयार होते? अँप्युल वारंवार फुटणे, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आणि चार्टवर वेदनाशामक दिल्याची नोंद असूनही कण्हत पडलेला रुग्ण, ही सगळी चिन्हे एकत्र दिसू लागली की गप्प बसण्याची सवलत संपते. हे दुखणे एकट्या परिचारिकांचे नाही. भूलतज्ज्ञ, तंत्रज्ञ, फार्मसीतली माणसे, कोणीही सुटलेले नाही. आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घालणारे विल्यम हॉल्स्टेड कोकेनचे स्वतःवर प्रयोग करता करता त्यात अडकले आणि पुढे मॉर्फिनने त्यांना सोडले नाही. आपल्याला डोस कळतो म्हणून आपण सांभाळू, हा भ्रम शिकलेल्यालाच होतो. फेंटॅनिल मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र आहे, आणि थोडे दिवस सोडून पुन्हा जुन्याच मात्रेने घेतले तर श्वासच थांबतो.

शिवाय गोष्ट व्यसन लागलेल्यापुरती राहत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या एका रुग्णालयात २०१२ साली उघडकीस आले की एक तंत्रज्ञ फेंटॅनिलच्या सिरिंज चोरून स्वतःला टोचत असे आणि त्यांत सलाईन भरून परत ठेवत असे. त्याचा हेपटायटिस सी त्यातून कितीतरी रुग्णांना लागला. म्हणून सांगते, सही करण्याआधी डोळ्यांनी पाहा.

मी एका खाजगी रुग्णालयात अशीच सही नाकारली आणि लेखी तक्रार दिली. व्यवस्थापनाने बोभाटा नको म्हणून त्या व्यसन लागलेल्या परिचारिकेकडून राजीनामा लिहून घेतला, वर चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला, आणि ती आपले दुखणे घेऊन दुसऱ्या गावी रुजू झाली. उपचाराचा शब्द कोणी काढला नाही. मी तिच्या पोटावर पाय दिला, असे पुष्कळ जणी म्हणाल्या. तिला बरे होण्याची संधीच मिळाली नाही, हा सल माझ्या मनातून गेलेला नाही. पण त्या सहीबद्दल विचारशील, तर आजही मी ती करणार नाही. माझ्या सहीने ती वाचली नसती, दुसऱ्या दिवशीच्या अँप्युलची तेवढी सोय झाली असती.

म्हणून तक्रार आणि उपचार यांची फारकत होऊ देऊ नकोस. अमेरिकेत व्यसनाधीन डॉक्टरांसाठी उपचार आणि नियमित तपासणी यांचे कार्यक्रम आहेत. त्यांतील ९०० हून अधिक डॉक्टरांचा पाच वर्षे मागोवा घेतला, तेव्हा बहुतेक जण व्यसनमुक्त राहून कामावर परतलेले आढळले. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांच्या गुप्ततेचा हक्क दिला आहे. बांबोळीचे मनोरुग्णालय जवळच आहे, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाईन क्रमांक आहे.

आता तुझ्या आधीच्या सह्यांविषयी. त्या लपवू नकोस. ज्या रात्रींच्या नोंदी तू न पाहता सही केल्या, त्यांच्या तारखा आठवतील तेवढ्या लिहून काढ आणि मेट्रनच्या हाती दे. चौकशीत त्या निघण्यापेक्षा तू स्वतः दिलेल्या बऱ्या. मेमो मिळेल, कदाचित पगारवाढ अडेल. तेवढे सोस. त्याच अर्जात एक वाक्य घाल की सिस्टरना राजीनाम्याऐवजी रजा द्यावी आणि उपचारांना पाठवावे. अर्जाची पोच शिक्क्यासह घे. मग सिस्टरना तू स्वतः भेट, अर्ज दिल्याचे त्यांना तुझ्याच तोंडून कळू दे, आणि त्या चिडल्या तरी बांबोळीला त्यांच्यासोबत जायला तयार राहा. त्यांना एकटीने रात्रभर सोडू नये, घरी कोणाला तरी कळवावे. अर्जाचा मसुदा मला आधी दाखवायचा असेल तर रविवारी फोंड्याला ये.