पिष्ट, पीठ आणि कर्बोदक

प्रश्न असा आहे: ‘वनस्पती अन्न कर्बोदकांच्या रूपात साठवतात’, ‘पिष्टमय पदार्थांच्या रूपात साठवतात’ आणि ‘स्टार्चच्या रूपात साठवतात’ अशी तिन्ही वाक्ये वाचनात येतात. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि पिष्ट म्हणजे पीठच ना?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, गोंधळाचे मूळ तिथेच आहे. संस्कृतात ‘पिष्’ म्हणजे दळणे, वाटणे. ‘पिष्ट’ म्हणजे दळलेले. (पिष्टपेषणात दळलेलेच पुन्हा दळतात.) त्याचे प्राकृतात ‘पिट्ठ’ झाले आणि मराठीत ‘पीठ’. शब्द मुळात एकच. एक बोलण्यात झिजून आला, दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. आता मात्र दोघांनी कामे वाटून घेतली आहेत. पीठ म्हणजे दळून झालेली भुकटी. तिच्यात प्रथिने, तंतू, थोडी चरबी असे सगळे येते. पिष्ट म्हणजे त्यातला एकच पदार्थ, स्टार्च.

खरे तर झाड काही दळत नाही. उलट ते जोडते: ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकाला एक, आणि दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर. एक बटाटा किसा, कीस फडक्यात बांधून भांडेभर पाण्यात चोळून पिळा आणि ते गढूळ पाणी दहा-पंधरा मिनिटे न हलवता ठेवा. तळाशी पांढरा थर बसतो. वरचे पाणी अलगद ओतून टाकून तो थर बोटांत दाबला की करकरतो. हे कण बटाट्याच्या पेशींत तयारच होते, किसणीने फक्त पेशी फोडल्या. जाते न लागता पांढरे सत्त्व मिळते, हे ग्रीकांनी नेमके हेरले होते: त्यांच्या ‘अमायलॉन’चा शब्दशः अर्थ ‘जात्यावर न दळलेले’. अमायलोज (पिष्टातली सरळ साखळी) आणि अमायलेज (पिष्ट फोडणारे विकर) ही नावे तिथूनच आली. म्हणजे एकाच पदार्थाला आपण ‘दळलेले’ म्हणतो आणि ते ‘न दळलेले’! इंग्रजी ‘स्टार्च’ तिसऱ्याच वाटेने आला, खळ दिलेल्या कापडाच्या ताठपणावरून.

‘कर्बोदक’ म्हणजे कर्ब अधिक उदक. ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. हिशेब ६ कर्ब आणि ६ पाणी असा जुळतो. पण हा नुसता हिशेब आहे, रेणूत पाणी भरलेले नसते. शिवाय तो फसवाही आहे. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचे (२ कार्बन, ४ हायड्रोजन, २ ऑक्सिजन) प्रमाण चोख जुळते, तरी ते कर्बोदक नाही; डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजचे जुळत नाही, तरी ते कर्बोदकच.

कर्बोदक हे घराण्याचे नाव, पिष्ट हे त्यातल्या एकाचे. सेल्युलोजही ग्लुकोजचीच साखळी, फक्त जोडणी वेगळी. ते पेशीच्या भिंतीला लागते, कोठारात जात नाही. आणि प्रत्येक झाडाच्या कोठारात पिष्ट असतेच असेही नाही. ऊस आणि बीट सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, साठवतात; डेलियाचे कंद इन्युलिन, म्हणजे फ्रुक्टोजची साखळी. बटाट्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला तर निळा-काळा डाग पडतो; कांद्याच्या पाकळीवर थेंब आपला मूळचा पिवळसर-तपकिरी रंग सोडत नाही. चाचणी थंड नमुन्यावरच करावी. गरम असताना अमायलोजचे वेटोळे सैल होते, आत अडकलेले आयोडीन निसटते आणि रंग उडतो. निवले की परत येतो.

म्हणून पहिले वाक्य सर्वांत सुरक्षित. तिसरे बटाटा, मका यांच्याबद्दल अचूक, उसाबद्दल चूक. दुसरे मला सर्वांत कमी पटते. इथे ‘मय’ म्हणजे भरलेले. बटाटा पिष्टमय असतो, पिष्ट स्वतः पिष्टमय कसे असेल? शिवाय ‘पिष्टमय पदार्थ’ हे कर्बोदकांना सरसकट वापरले, की साखरसुद्धा पिष्टमय ठरते.

क्रियापदही जपून वापरावे. ‘पानात तयार झालेले पिष्ट खोडातून मुळांकडे जाते’ असे लिहिलेले आढळते, ते चूक. पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच ते साठवायला सोयीचे. तेवढेच ग्लुकोज सुटे ठेवले असते, तर परासरणाने पाणी पेशीत ओढले गेले असते. पण जे विरघळत नाही ते वाहूनही नेता येत नाही. दिवसा हरितलवकांत साठलेले पिष्ट रात्री फुटते, त्याचे सुक्रोज होते, आणि रसवाहिन्यांतून जाते ते सुक्रोज. कंदात पोचल्यावर त्याचे पुन्हा पिष्ट होते. तेव्हा पिष्ट ‘साठते’, ‘वाहते’ ती साखर.