शाळेत गेला की बोलेल?

मिरगाचा पाऊस आणि केजीचा पहिला दिवस आमच्याकडे गोव्यात हातात हात घालून येतात, आणि पाठोपाठ दवाखान्यात दरवर्षीचेच प्रश्न. यंदा लिहूनच उत्तरे देतो.

प्रश्न : पहिल्या दिवशी मुलीला वर्गात बसवून गुपचूप निघून यावे का? शेजारीण म्हणते, आई दिसली नाही की मूल रडत नाही. (म्हापसा)

रडते, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. सांगून निघा : "खाऊ खाऊन झाला की आजी न्यायला येईल." तीन वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही, खाऊ कळतो. आजीला मात्र वेळेवर पाठवा. आणि एकदा टाटा केला की खिडकीतून डोकावू नका. तीन-चार आठवड्यांनंतरही रोज उलटी, झोपेत दचकणे, जेवण तुटणे चालू असेल तर घेऊन या.

प्रश्न : शाळा सुरू होण्याआधी बुद्धीचे सिरप सुरू करू का? (कुडचडे)

नको. बाटलीवर मेंदूचे चित्र छापले म्हणून आतले औषध मेंदूपर्यंत पोचत नाही. मूल फिकट दिसत असेल तर रक्त तपासू. लोह लागले तर मी लिहून देईन.

प्रश्न : मुलगी पाच वर्षे पूर्ण. आता कसली लस राहिली? (पेडणे)

डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर, पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. कार्ड घेऊन जा. मागचे काही चुकले असेल तर तेही तिथेच कळेल.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. 'पाणी', 'बस' असे सुटे शब्द बोलतो. घरात कोंकणी, आजीची मराठी, मोबाईलवर इंग्रजी. सगळे म्हणतात, बापूसही उशिरा बोलला, शाळेत गेला की हाही बोलेल. थांबावे का? (डिचोली)

थांबू नका. हे 'शाळेत गेला की बोलेल' मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता कान किटले. दोन वर्षांचे मूल 'आई ये' असे दोन शब्द जोडते, तीनचे छोटी वाक्ये बोलते. साडेतीनला सुटे शब्द म्हणजे आधीच उशीर झाला आहे. बापूस उशिरा बोलला असेल. त्याने मुलाच्या कानांची तपासणी होत नाही.

होय, आधी कानच. "ऐकू येते हो, टीव्ही लावला की धावत येतो," असे एक आई सांगत होती. मी मुलाच्या मागे उभा राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. तो खेळण्यातल्या बसचे चाक फिरवत बसला. माझी सावली टेबलावर पडली तेव्हा वळला. टीव्हीचा उजेड त्याला दिसत होता, इतकेच. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. दुखत नाही, म्हणून कोणी बघत नाही.

तीन भाषांनी बोलणे उशिरा येत नाही. गोव्यातली कितीतरी मुले अशीच वाढतात. कोंकणी बंद करू नका, आजीला गप्प बसवू नका. बंद करा तो मोबाईल, कारण तो उत्तराची वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको म्हणते, आणि तोही कमीच बरा.

हाकेला वळतो का, बोट दाखवून काही मागतो का, खोटा-खोटा चहा पाजतो का, हे लिहून बालरोगतज्ज्ञांकडे जा. मग कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) होते. शाळा चालूच ठेवा, पण पंचवीस मुलांच्या टीचरकडून उपचाराची अपेक्षा नको. याच आठवड्यात जा, चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर नव्हे.

प्रश्न : साडेतीन वर्षांची मुलगी पेन्सिल मुठीत धरते. वर्गात एबीसीडी लिहायला घेतली आहे. (फोंडा)

धरू दे. बोटे अजून तयार व्हायची आहेत. पोळीची कणीक मळायला द्या. पाच उलटल्यावरही मूठच असेल तर दाखवा.

प्रश्न : सकाळी तापाचे औषध दिले की ताप उतरतो. शाळेत पाठवू का? (मडगाव)

ही चलाखी वर्गातल्या सगळ्यांना भोवते. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच पाठवा. पावसात तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येण्याची साथ असते. तसे दिसले तर अँटिबायोटिक मागू नका, मूल घेऊन या.

प्रश्न : पहिल्या दिवशी सगळे बघतात. दिश्ट (दृष्ट) काढावी का? (साखळी)

काढा. मिरच्यांचा धूर मुलाच्या डोळ्यांपासून लांब ठेवा, आणि अंग गरम लागत असेल तर आधी थर्मामीटर लावा.