मंगळवार आला की छातीत धडधडतं

"मॅडम, सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं."

मी समुपदेशनाचं काम करते, आणि गेल्या दोनेक वर्षांत हे वाक्य माझ्यासमोरच्या खुर्चीतून मी कितीदा ऐकलंय. बोलणारी मुलं बहुतेक ॲग्रीची असतात. कुणी केव्हीकेमध्ये, म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात, प्रोजेक्टवर होतं, कुणी आत्मा ह्या शेतकऱ्यांपर्यंत नवं तंत्र पोचवणाऱ्या सरकारी यंत्रणेत बीटीएम म्हणजे तालुक्याचा तंत्रज्ञान व्यवस्थापक, कुणी विद्यापीठात एसआरएफ म्हणजे वरिष्ठ संशोधन अधिछात्र. सगळे कंत्राटी, ऑर्डर वाढली की हायसं वाटायचं आणि पुढची तारीख जवळ आली की परत पोटात गोळा. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो, की प्रोजेक्ट संपला, वय चाललंय, ग्रुपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या निवडीचं अभिनंदन चालू असतं, मग इतकी वर्षं शेतकऱ्यांमध्ये काम केलं त्याला काही किंमत आहे का नाही?

ह्याचं उत्तर म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं गाव-घर सगळं बदललंय.

ती आली तेव्हा 33 वर्षांची होती, एमएससी ॲग्री, मराठवाड्यातली, नवरा ज्युनिअर कॉलेजवर, चार वर्षांची मुलगी. एका केव्हीकेमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रावर, म्हणजे ज्याला सगळे डामू म्हणायचे, तिथे विषय विशेषज्ञ होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्रामीण कृषी मौसम सेवेत 2018 पासून केव्हीकेमध्ये ही युनिटं सुरू झाली, देशभरात 199 होती, एकेका ठिकाणी साधारण दोन माणसं, एक विशेषज्ञ आणि एक निरीक्षक. हवामान विभागाकडून पुढच्या पाच दिवसांचा अंदाज यायचा, पाऊस किती, तापमान, वारा, आर्द्रता, आणि ह्या लोकांनी त्यावरून आपल्या जिल्ह्यातल्या पिकांचा सल्ला मराठीत लिहून दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुलेटिन काढायचं. पाऊस येतोय तर फवारणी थांबवा, काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा, थंडी वाढणार तर केळीला रात्री पाणी द्या, अशा साध्या ओळी, पण त्या वेळेवर पोचल्या तर हातातलं पीक वाचतं. 2024 च्या मार्चपासून ही युनिटं बंद झाली. योजना संपली, तिच्यासोबत ह्या सगळ्यांचं काम संपलं.

पहिल्या दिवशी ती नोकरीबद्दल फार बोललीच नाही. झोप लागत नाही, मुलीवर ओरडते, जेवण जात नाही, एवढंच. मी विचारलं सगळ्यात जास्त त्रास कधी होतो, तर म्हणाली, "मंगळवारी. मंगळवार आला की सकाळपासून छातीत धडधडतं. शुक्रवारी पण, पण मंगळवारी जास्त." मला आधी वाटलं उपवास वगैरे काही असेल. मग तिनेच सांगितलं, की जवळजवळ पावणेपाच वर्षं मंगळवारी दुपारच्या आत बुलेटिन गेलंच पाहिजे म्हणून जीव टांगणीला असायचा, आता काहीच पाठवायचं नाही तरी शरीर तयार होऊन बसतं. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली.

आणि मग तिने जे सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही. एका गावचे काका अजून फोन करतात म्हणाली, ताई हरभऱ्याला पाणी देऊ का, आभाळ दिसतंय. आणि ती फोन उचलत नाही. "मी आता कोण सांगणारी मॅडम? मी तर केंद्रात नाही."

घरचे वाईट नव्हते, उलट फार चांगले होते. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं पोरी, दगदग संपली, लेकराकडं बघ आता. नवरा म्हणाला, टेन्शन घेऊ नको, माझा पगार आहे. दोघांनी मायेनेच म्हटलं, पण तिला ऐकू आलं ते असं, की तुझं काम म्हणजे नुसती दगदग होती, ते नसलं तरी घर चालतं. घरच्यांना माझं सांगणं आहे, अशा वेळी लगेच धीर देऊ नका. आधी विचारा, तिथं काय काय करायचीस, काय आठवतं. नोकरी गेलेल्या माणसाला पगाराइतकीच, कधी कधी पगाराहून जास्त, त्या कामातल्या आपल्या जागेची आठवण येत असते, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

झोपेचं आणि जिवाचं मी सरळच विचारते, आडून नाही. जगावंसं वाटत नाही असं येतं का मनात, हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिच्या मनात तसं नव्हतं. पण तुमच्या किंवा तुमच्या मित्राच्या मनात असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता माझी एक चूक सांगते, कारण हीच चूक बरेच लोक एकमेकांना सल्ला म्हणून देतात. तिच्या फोनवर सात ग्रुप होते. बॅचचा, विद्यापीठाचा, ॲग्री जॉब्सचे दोन-तीन, जुन्या डामूवाल्यांचा. दिवसभर तेच, अमक्याची एसएमएस (विषय विशेषज्ञ) म्हणून निवड, तमकी बँकेत कृषी अधिकारी, एमपीएससीची यादी, हार-पेढ्याचे फोटो. रात्री दोन वाजता ती जाहिराती उघडून बसायची, पात्रता वाचायची, फॉर्म भरायची नाही. मी म्हटलं, सगळ्या ग्रुपमधून बाहेर पड, डोकं शांत होऊ दे. ती पडली. तीन आठवड्यांनी आली ती कोसळलेलीच, कारण शेजारच्या जिल्ह्यात तिच्याच विषयाची थेट मुलाखत होऊन गेली होती आणि तिला ती झाल्यावर कळलं. शिवाय ज्या लोकांना तिचं दुःख न सांगता कळत होतं, त्याच डामूवाल्या ग्रुपमधून पण मी तिला बाहेर काढलं होतं. मी तिची माफी मागितली. त्या क्षेत्रात जागा कशा निघतात हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं आणि न विचारताच मी सल्ला दिला होता.

मग तिच्याकडूनच समजून घेतलं. देशात 731 केव्हीके आहेत, एकेका केव्हीकेत मंजूर पदं 16. त्यात प्रमुख एक, विषय विशेषज्ञ सहा, मग कार्यक्रम सहायक, शेत व्यवस्थापक, लॅबचे, ऑफिसचे, ड्रायव्हर वगैरे. पण सगळी केव्हीके एका छत्राखाली भरती करत नाहीत. काही कृषी विद्यापीठांची, काही आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, संस्थांची, काही स्वयंसेवी संस्थांची, आणि ज्याची त्याची जाहिरात वेगळी निघते. पुण्याचं अटारी, म्हणजे आयसीएआरचीच एक संस्था, महाराष्ट्र, गुजरात, गोव्यातल्या केव्हीकेंवर देखरेख करतं, तरी जाहिरात शोधायची तर पन्नास ठिकाणी डोकवावं लागतं. त्यामुळे ह्या मुलांना ग्रुप सोडा म्हणणं म्हणजे बाजाराचा रस्ताच बंद करणं झालं. विषय विशेषज्ञाला बहुतेक जाहिरातीत 35 वर्षांची अट असते, आरक्षणाप्रमाणे सवलत असते ती वेगळी, म्हणून तिला प्रत्येक महिना मोजल्यासारखा वाटत होता. ती भीती खोटी नव्हती. खऱ्या भीतीला "उगाच विचार करू नको" म्हणून चालत नाही, तिला कामाला लावावं लागतं.

दुसरी सोय आम्ही दोघींनी मिळून ठरवली. जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप चालू, बाकीचे म्यूट. जाहिराती बघायच्या त्या आठवड्यातून दोनदा, एक एक तास, वही घेऊन, दिवसा. कोणत्या दिवशी ते तिने ठरवायचं होतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंगळवार आणि शुक्रवारच ठेवू का? नाहीतरी त्या दिवशी मी रिकामी बसू शकत नाही."

त्या दिवशी मला वाटलं की ही मुलगी सावरणार.

पुढच्या वेळी मी तिला बायोडाटा आणू नको म्हटलं, डायऱ्या आण. तिने पिशवी भरून आणल्या, विद्यापीठाच्या कृषी दैनंदिन्या, पाच वर्षांच्या, पानापानावर पेनाने पाऊस लिहिलेला, सकाळी साडेआठचा आकडा, कुठे शेतकऱ्याचा नंबर, कुठे "गारपीट, फोटो पाठवले". आम्ही मोजत बसलो. बुलेटिन साडेचारशेच्या वर निघाली. गावातल्या बैठका, शेतकरी मेळावे, कृषीकन्या आणि कृषीदूत, म्हणजे गावात अनुभव घ्यायला निघालेले कृषीचे विद्यार्थी, यायचे त्यांना हवामानाची यंत्रं दाखवलेली सत्रं, केव्हीकेच्या आद्यरेषा प्रात्यक्षिकांना, म्हणजे शेतकऱ्याच्या शेतात नवं तंत्र करून दाखवतात त्याला, मदत केलेली, सगळं निघालं. तिचा जुना बायोडाटा मी मागाहून पाहिला, त्यात ह्या सगळ्याची एकच ओळ होती, "डामू प्रोजेक्टमध्ये कार्यरत". मला खरंच वाईट वाटलं. विस्ताराचं, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवण्याचं, काम करणाऱ्यांची ही सवयच आहे, थिसिसवर दोन पानं लिहितील आणि हजारो शेतकऱ्यांपर्यंत पोचलेल्या कामाला एक ओळ.

म्हणून कंत्राटावर असलेल्या सगळ्यांना हात जोडून सांगते, नोकरी चालू असतानाच नेमणुकीचं पत्र, मुदतवाढीची प्रत्येक ऑर्डर, पगाराच्या स्लिपा, सगळं एका फाईलला लावा. काम संपलं की लगेच अनुभव प्रमाणपत्र घ्या, त्यावर पदाचं नाव, पासून-पर्यंत तारखा, मानधन आणि कामाचं स्वरूप हे चारही पाहिजे. उशीर केला की साहेब बदलतात, बाबू बदलतो, मग एका सहीसाठी सहा चकरा. हिच्या प्रमाणपत्रावर तारीख चुकली होती, आठ महिने कमी लागले होते, आणि ती "आता कुठं त्यांच्या दारात जायचं" म्हणून गेलीच नव्हती. त्या दारात परत जाणं हेच तिच्यासाठी सगळ्यात अवघड होतं. नवऱ्याला सोबत ने म्हटलं. गेली, आणि तिथल्या शिपाई मावशींनी तिला आधी चहा पाजला, मग आत पाठवलं. तारीख दुरुस्त होऊन मिळाली.

आता मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर. अनुभवाला किंमत आहे का? आहे, पण ती आपोआप मिळत नाही, आणि सगळीकडे सारखी मिळत नाही. एमपीएससीच्या पेपरात तुमच्या बुलेटिनना कुणी मार्क देणार नाही, तिथं अभ्यासच लागतो. केव्हीकेच्या मुलाखतीत मात्र शेतकऱ्यासमोर उभं राहिलेला माणूस लगेच ओळखू येतो. विशेषज्ञ पद पे लेव्हल 10 चं आहे, मूळ पगार 56,100 पासून, म्हणून गर्दी असतेच, एका जागेला ढिगाने अर्ज येतात, तेव्हा निवड झाली नाही याचा अर्थ तुम्ही कमी असा काढू नका. हिच्या मनात आणखी एक रस्ता होता, ॲग्री क्लिनिक ह्या सरकारी योजनेचं मोफत ट्रेनिंग करून स्वतःचा सल्ला-सेवेचा धंदा टाकायचा. मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, फक्त एवढंच म्हटलं की नोकरी मिळत नाही म्हणून त्रासून धंद्यात पडू नको, धंदा करायचाय म्हणून पड. ते तिने सध्या बाजूला ठेवलंय.

निवड झालेल्या मैत्रिणीचं काय करायचं, हेही विचारतात लोक. हिची रूममेट दुसऱ्या जिल्ह्यात विशेषज्ञ म्हणून लागली होती आणि हिने चार महिने तिला फोन केला नव्हता. मत्सर वाटतो म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. मी म्हटलं, मत्सर वाटू दे, तो पाहुण्यासारखा बसेल आणि जाईल, पण अभिनंदनाचा मोठा मेसेज लिहीत बसू नको, सरळ विचार की मुलाखतीत काय विचारलं. तिने विचारलं. मैत्रीण पाऊण तास बोलली, आणि शेवटी म्हणाली, तुझा फोन येत नव्हता म्हणून मला पेढा गोड लागला नाही गं.

काकांचा फोन तिने दिवाळीच्या आधी उचलला. म्हणाली, काका मी आता केंद्रात नाही, पण विद्यापीठाचं बुलेटिन अजून निघतं, सरकारच्या मेघदूत ॲपवर पण येतं, मी बघून सांगते. काका म्हणाले, "ते असू दे ताई, तू सांग." मग तिने बुलेटिन वाचलं, त्यांना समजावलं, आणि ॲप कसं उघडायचं ते त्यांच्या नातवाला शिकवलं. आता तीन-चार गावांतले जण तिला विचारतात. पैसे मिळत नाहीत, ते तिलाही माहीत आहे आणि मी त्याला उगाच समाजसेवेचं मोठं नाव देत नाही. पण झोप लागायला लागली, मुलीवरचं ओरडणं कमी झालं.

दोन ठिकाणी मुलाखती झाल्यात. एका ठिकाणी नाव आलं नाही, त्या रात्री ती खूप रडली आणि सकाळी मला मेसेज केला, जेवले मॅडम, झोपले पण. दुसऱ्याचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही.

मागच्या आठवड्यात तिची पुढची वेळ ठरवायची होती. माझ्याकडे मंगळवारी अकराची मोकळी होती, ती दिली, तर म्हणाली, "मंगळवार नको मॅडम, बुधवार बघा ना. मंगळवारी मला काम असतं."