एमबीबीएसच्या मुलांना नर्सिंग-फार्मसीच्या मुलांसोबत शिकवून काय फायदा?

तुमचा मुलगा बेळगावात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपीच्या मुलांबरोबर त्याचे एकत्र तास ठेवलेत आणि त्यात अभ्यासाचा वेळ वाया जातो का, असं तुम्ही विचारलंय. तास पेशंटजवळ होत असेल, तर अजिबात वाया जात नाही.

मी इंटर्न असताना खानापूर भागातल्या एक आजी आल्या होत्या. उभी हयात चुलीच्या धुरात गेलेली, चार पावलं चाललं की धाप. मी रोटाकॅप, म्हणजे श्वासातून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल, लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी आजी परत आल्या, धाप तशीच. मी औषध वाढवायला पेन काढलं. श्वासाचे व्यायाम शिकवायला आलेली फिजिओची विद्यार्थिनी म्हणाली, "आज्जी, औषध कसं घेता दाखवा बघू." आजींनी पिशवीतून कॅप्सूल काढली आणि पाणी मागितलं. "रोज सकाळ-संध्याकाळ गिळतो की गं!" ती पावडर ओढायचं साधन, रोटाहेलर, पिशवीच्या तळाशी, प्लास्टिकसुद्धा न काढलेला.

मला वाटलं होतं, फार्मसीत समजावतील. त्यांना वाटलं, सिस्टर सांगतील. सिस्टरना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंच असणार. कुणी कामचुकार नव्हतं हो! पण दुसऱ्याचं काम कुठे सुरू होतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या मुलीने विचारलं नसतं तर मी आजींना आणखी जोराचं औषध दिलं असतं, आणि त्याही कॅप्सूल पोटातच गेल्या असत्या. आजही आठवलं की वाईट वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अशा एकत्र शिक्षणाची व्याख्या केली, ती साधी आहे: दोन किंवा अधिक पेशांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. म्हणजे सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून लेक्चर दिलं, की ते यात बसत नाही. आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमातही डॉक्टर हा आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य असावा, असं म्हटलंय. यातलं 'सदस्य' होणं पुस्तकातून येत नाही.

मुलाला एवढं सांगा: कुटुंब दत्तक उपक्रमात (यात एमबीबीएसच्या मुलांना गावातली काही कुटुंबं नेमून देतात) गावात जाशील तेव्हा जमल्यास नर्सिंगच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला सोबत ने. आपल्या भागात एक घर मराठी, शेजारचं कन्नड, आणि दोन्ही भाषा सहज बोलणारं त्यांच्यात हमखास कुणीतरी सापडतं. आणि प्रत्येक घरात औषधांची पिशवी उघडायला लाव आणि "कसं घेता, दाखवा" म्हण.